औषधाचे वावडे आणि घरची वही

'वावडे' हा शब्द मराठी घरांत फार जुना आहे. कोणाला वांगे सोसत नाही, कोणाच्या अंगावर शेंगदाणा खाल्ला की गांधी उठतात. घरातील वडीलधारी माणसे 'त्याला त्याचे वावडे आहे' एवढ्या एका वाक्यात हे सांगून मोकळी होतात आणि घरातील लहानथोर सर्वजण ते ध्यानात ठेवतात. मूल आजोळी निघाले, तर त्याच्या ताटात तो पदार्थ पडू नये म्हणून आई आधीच निरोप धाडते.

औषधाच्या वावड्याबाबत मात्र हीच दक्षता सहसा दिसत नाही. 'दोन वर्षांपूर्वी कसल्याशा गुलाबी औषधाने अंगावर उठले होते' यापलीकडे अनेक घरांना काही सांगता येत नाही. बाटली टाकून दिलेली असते, चिठ्ठी हरवलेली असते, औषधाचे नाव तर कोणी वाचलेलेच नसते. मग तेच औषध वेगळ्या नावाच्या आणि वेगळ्या रंगाच्या बाटलीतून त्याच मुलाच्या पोटात जाण्याची वाट मोकळी राहते.

नांदेड शहरालगत, गोदावरीवरील प्रकल्पामुळे सर्वांना परिचित असलेल्या विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. महाविद्यालयाची स्थापना १९८८ सालची. लोहा, कंधार, मुखेड, देगलूर, किनवट अशा तालुक्यांतून, शेजारच्या जिल्ह्यांतून आणि तेलंगणाच्या सीमेवरील गावांतूनही रुग्ण येथे येतात. इतक्या दुरून आणलेले मूल वाटेत दोन-तीन हातांखालून गेलेले असू शकते. आधी घरच्या कपाटातील उरलेले औषध, मग गावातील डॉक्टर, मग तालुक्याच्या ठिकाणचे मेडिकल दुकान, आणि अखेरीस मोठे रुग्णालय. अंगभर पुरळ घेऊन आलेल्या अशा मुलाच्या आईवडिलांना कोणत्याही रुग्णालयात पहिला प्रश्न एकच विचारला जातो: कोणते औषध दिले, आणि पहिला डोस केव्हा दिला? या प्रश्नाचे उत्तर मिळते की नाही, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

शब्दाचा जन्म मुलांच्या रुग्णालयात

'ॲलर्जी' हा आज सर्वांच्या तोंडी असलेला शब्द मुळात लहान मुलांना दिलेल्या औषधातूनच जन्मला, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हिएन्ना येथे क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन बालरोगतज्ज्ञ काम करीत होते. त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून तयार केलेला रक्तरस टोचला जाई. त्याने कित्येक मुलांचे प्राण वाचत. परंतु काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येई, अंगावर पित्त उठे आणि सांधे सुजत. तोच रक्तरस पुन्हा टोचावा लागला, तर ही लक्षणे पहिल्यापेक्षा लवकर आणि अधिक जोराने उमटत. या दोघांनी १९०५ मध्ये या आजारावर ग्रंथ लिहिला आणि १९०६ मध्ये पिर्के यांनी शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला 'ॲलर्जी' हे नाव दिले. शरीर पहिली ओळख लक्षात ठेवते आणि दुसऱ्या भेटीत अधिक तीव्रतेने उत्तर देते, हे त्यातील सार आजही तसेच आहे.

घोड्याचा रक्तरस केवळ इतिहासात राहिलेला नाही. मराठवाड्यात पेरणीच्या दिवसांत सर्पदंश झालेल्या मुलाला जी प्रतिविषाची सलाईन लावली जाते, तीही घोड्यांच्या रक्तापासूनच बनते. महाराष्ट्रात हाफकिन संस्थेची तीच ख्याती आहे. ही लस देताना लगेच किंवा एक-दोन आठवड्यांनी प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून घरी परतल्यानंतर मुलाला ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली, तर 'नवा आजार' न समजता प्रतिविष दिल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मात्र ॲलर्जीच्या भयाने प्रतिविष नाकारणे हा घोर प्रमाद ठरेल. प्रतिक्रियेवर रुग्णालयात उपचार आहेत. विषाला प्रतिविषावाचून उतारा नाही.

प्रत्येक पुरळ वावड्याचे नसते

लहान मुलांच्या बाबतीत खरी अडचण अशी की, ज्या आजारासाठी औषध दिले जाते, तो आजार स्वतःही अंगावर पुरळ आणतो. गोवर आणि कांजिण्या सर्वांना ठाऊक आहेत. परंतु साध्या सर्दी-तापाचे कित्येक विषाणूदेखील तिसऱ्या-चौथ्या दिवशी अंगावर लाल ठिपके उमटवतात. त्याच दिवसांत मुलाला प्रतिजैविक सुरू असले, तर दोष सहजच औषधावर जातो. घशाच्या एका विषाणूजन्य आजारात, ज्यात मानेच्या गाठी सुजतात आणि ताप लांबतो, ॲमॉक्सिसिलिन दिल्यास अंगभर पुरळ उठते आणि तरीही त्या मुलाला त्या औषधाचे कायमचे वावडे असतेच असे नाही.

याचा पडताळा कॅनडातील माँट्रियल येथे घेण्यात आला. ॲमॉक्सिसिलिनची ॲलर्जी असल्याचा संशय असलेल्या ८१८ मुलांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तेच औषध पुन्हा देऊन पाहिले. त्यांपैकी ९४ टक्के मुलांना काहीही झाले नाही. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना 'पेनिसिलिन चालत नाही' असा शिक्का बसतो, त्यांतील बहुतेकांना ते प्रत्यक्षात चालते, हा निष्कर्ष मोठ्या माणसांतही वारंवार आला आहे.

चुकीचा शिक्का निरुपद्रवी नसतो. त्यामुळे मुलाला जन्मभर साधे, स्वस्त आणि नेमके औषध मिळत नाही. त्याऐवजी अधिक महाग आणि अधिक जंतूंवर मारा करणारी औषधे वापरावी लागतात. म्हणून खरे वावडे नजरेआड होणे जितके घातक, तितकेच खोटे वावडे वहीत चढणेही नुकसानीचे. या दोन्ही चुका टाळण्याचा मार्ग एकच: काय घडले, ते नेमके पाहावे आणि नेमके लिहावे. मात्र 'शिक्का खोटा असेल' म्हणून घरच्या घरी औषध पुन्हा देऊन पाहणे कदापि करू नये. ही परीक्षा रुग्णालयातच, तज्ज्ञांच्या नजरेखाली व्हावी. आणि ज्या मुलाला गंभीर प्रतिक्रिया येऊन गेली आहे, त्याच्यावर ती करायचीच नसते.

घड्याळ आणि पंचांग दोन्ही पाहावे

औषधाने त्वचेवर उमटणाऱ्या प्रतिक्रिया अनेक प्रकारच्या असतात आणि त्यांची ओळख पटवण्यात काळाचा मोठा वाटा असतो.

पहिला प्रकार तात्काळ येणारा. औषध घेतल्यापासून काही मिनिटांत, बहुधा तासाभरात, अंगावर खाज सुटून फुगीर लालसर गांधी उठतात. यालाच घरोघरी 'पित्त उठणे' म्हणतात. एक गांध काही तासांत विरते, तर दुसरी दुसरीकडे उठते. ओठ आणि पापण्याही सुजू शकतात. एवढ्यावरच थांबले तर उपचार सोपा. परंतु याच वाटेने घातक प्रतिक्रियाही येते.

दुसरा प्रकार सर्वांत अधिक आढळणारा. औषध सुरू केल्यानंतर साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान छाती, पोट आणि पाठीवर गोवरासारखे लाल ठिपके येतात आणि हातापायांकडे पसरतात. मूल एरवी खेळते-खाते असते. औषध थांबवल्यावर आठवडाभरात ते ओसरते, कधी त्वचेची बारीक कोंड निघते. प्रतिजैविके, विशेषतः ॲमॉक्सिसिलिन आणि सल्फा गटातील कोट्रायमॉक्साझोल, यांच्यामुळे हा प्रकार अनेकदा दिसतो.

तिसरा प्रकार विलक्षण आहे. ओठावर, हातावर किंवा गुप्तांगाजवळ एखादा गोल, जांभळट-लाल चट्टा उठतो, आग होते, आणि बरा होताना काळसर डाग मागे राहतो. काही महिन्यांनी तेच औषध पुन्हा दिले की, चट्टा नेमका त्याच जागी परत येतो. सल्फा, वेदनाशामके, जुलाबावरील काही औषधे यांमुळे तो होतो. 'मुलाच्या ओठावर दर वेळी त्याच जागी काहीतरी उठते' असे आजी सांगत असेल, तर ते तिचे निरीक्षण वैद्यकीयदृष्ट्या मोलाचे आहे. त्या प्रत्येक वेळी कोणते औषध दिले होते, एवढे मात्र शोधले पाहिजे.

चौथा प्रकार क्वचित येतो, पण सर्वांत भयंकर. १९२२ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन्स आणि जॉन्सन या दोन डॉक्टरांनी सात आणि आठ वर्षांच्या दोन मुलग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघांना तीव्र ताप होता, तोंड सोलून निघाले होते, डोळ्यांतून पू येत होता आणि अंगावर चट्टे होते. त्याचे कारण त्या वेळी उमगले नव्हते. आज हा आजार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मुलांमध्ये काही जंतुसंसर्गही त्याला कारण होतात. परंतु औषधे हे त्याचे प्रमुख कारण आहे. फिटवरील कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन, लॅमोट्रिजिन ही औषधे, सल्फा औषधे आणि काही वेदनाशामके त्यात अग्रभागी आहेत. औषध सुरू केल्यापासून साधारण चार दिवस ते चार आठवड्यांत तो उद्भवतो. भाजल्यासारखे फोड येतात, त्वचा सुटते, आणि वेळीच उपचार न झाल्यास डोळ्यांवर कायमचा परिणाम राहू शकतो, प्राणही जाऊ शकतात.

पाचवा प्रकार आणखी उशिरा येतो. औषध सुरू केल्यानंतर दोन ते आठ आठवड्यांनी ताप, चेहऱ्यावर सूज, अंगभर पुरळ, मानेत गाठी आणि यकृतावर परिणाम अशी लक्षणे एकत्र दिसतात. इतके दिवस लोटल्यामुळे कोणाचा औषधावर संशयच जात नाही. वैद्यकीय परिभाषेत त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास 'ड्रेस' म्हणतात. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिड या औषधाबाबत जो सावधगिरीचा इशारा दिला, तो याच प्रतिक्रियेसंबंधी होता. हे औषध आपल्याकडे पाळीच्या वेदनांसाठी आणि मुलांच्या तापासाठीही सर्रास वापरले जाते. औषधावर बंदी आली नाही. डॉक्टरांनी आणि रुग्णांनी लक्ष ठेवावे, अशी सूचना झाली. देशभरातून नोंदवलेल्या प्रतिक्रियांच्या छाननीतून हा इशारा निघाला, हे त्यातील विशेष.

केव्हा धावावे, केव्हा थांबावे

मूल खेळते आहे, ताप नाही, तोंड आणि डोळे स्वच्छ आहेत, केवळ पुरळ आहे, अशा वेळी पुढचा डोस देण्यापूर्वी डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारावे आणि त्याच दिवशी दाखवून आणावे. सैल सुती कपडे घालावेत. खाज शमवणारे औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत द्यावे. हळद, लेप, कडुनिंबाचा पाला यांचा प्रयोग उघड्या किंवा फोड आलेल्या त्वचेवर करू नये. 'अंगावर उठले' म्हणून मुलाचे दूध, डाळ, मीठ बंद करण्याची प्रथाही निष्कारण आहे. आधीच अशक्त झालेले मूल त्याने आणखी खंगते.

पुढील लक्षणांपैकी एकही दिसले, तर मात्र रात्र असो वा दुकानाची ऐन गर्दी असो, क्षणभरही थांबू नये:

१. श्वास लागणे, घरघर, आवाज बसणे, जीभ किंवा ओठ सुजणे.
२. पुरळासोबत वारंवार उलट्या, अंग थंड व फिकट पडणे, मूल निस्तेज होणे किंवा भोवळ येणे.
३. तोंडात, डोळ्यांत किंवा गुप्तांगावर आग होणे, फोड येणे, साल निघणे.
४. त्वचेला हात लावताच मूल वेदनेने रडणे, त्वचा काळपट-जांभळी होणे, पापुद्रा सुटणे.
५. पुरळासोबत तीव्र ताप, चेहऱ्यावर सूज किंवा डोळ्यांत पिवळेपणा.

पहिल्या दोन लक्षणांत मिनिटांचे मोल असते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळ असेल त्या रुग्णालयात तात्काळ न्यावे. मुलाला आडवे करून पाय थोडे उंच ठेवावेत. श्वास लागत असेल तर बसते ठेवावे. उठवून चालवू नये. अशा प्रतिक्रियेवर मुख्य औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन. खाजेचे पातळ औषध हा त्याला पर्याय नव्हे. ते पाजून वाट पाहण्यात मोलाचा वेळ जातो. मूल सावरल्यानंतरही काही तास रुग्णालयात ठेवण्याचा डॉक्टरांचा आग्रह असतो, तो मानावा. लक्षणे दुसऱ्यांदा उलटू शकतात.

याच कारणासाठी इंजेक्शन घेतल्यावर मुलाला लगेच गाडीवर बसवून निघू नये. अर्धा तास तेथेच थांबावे. आधी त्वचेखाली टोचून केलेली चाचणी निर्धोक आली, म्हणजे पुढे काही होणारच नाही, अशी हमी नसते.

फिटच्या औषधांची गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. ती आपल्या मनाने एकाएकी बंद केल्यास फिट उसळून येण्याचा धोका असतो. आणि पुरळ उठूनही देत राहिल्यास त्वचेचा गंभीर आजार जोर धरू शकतो. म्हणून अशा मुलाच्या अंगावर काहीही उठले, तर पुढच्या डोसच्या आत डॉक्टर गाठावेत. ते एक औषध थांबवून दुसरे सुरक्षित औषध सुरू करतात. लॅमोट्रिजिनची मात्रा आठवड्याआठवड्याने हळूहळू वाढवतात, त्यामागेही हेच कारण आहे. 'लवकर गुण यावा' म्हणून ती घाईने वाढवू नये. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोन ही तिन्ही रचनेने जवळची असल्याने एकाने गंभीर प्रतिक्रिया आली, तर इतर दोनही धोक्याची ठरू शकतात. अशा प्रतिक्रियेत रक्ताच्या नात्यातही धोका वाढलेला असू शकतो, म्हणून भावंडांच्या डॉक्टरांनाही ही माहिती द्यावी. पेनिसिलिनचे तसे नाही. 'वडिलांना चालत नाही, म्हणून मुलालाही नको' हे एवढ्यापुरते पुरेसे कारण होत नाही.

कॅप्सूलचे आवरण आणि आतील औषध

अनेक जैन कुटुंबांत औषध घेताना कॅप्सूलचे आवरण कशाचे आहे, हा प्रश्न दुकानदाराला हमखास विचारला जातो. जिलेटिन प्राणिज असते, हे घरातील मुलांनाही माहीत असते. हा प्रश्न विचारण्याचे धैर्य आणि सवय ज्या घरात आहे, त्या घराला दुसरा प्रश्न विचारणे जड जाऊ नये: आवरणाच्या आत कोणते औषध आहे?

बाटलीवरील व्यापारी नाव कंपनीने दिलेले असते. एकाच औषधाला अशी अनेक नावे असतात. औषधाचे मूळ नाव त्यासोबत वेगळे छापलेले असते आणि वावडे त्या मूळ नावाचे असते. एका बाटलीत दोन-तीन औषधे एकत्र असतील, तर तीही तेथेच दिलेली असतात. नांदेडला एका नावाने घेतलेले औषध लातूर किंवा पुण्यात दुसऱ्या नावाने मिळते. यात्रेत, लग्नघरी, पाहुणचारात मुलाला ताप आला की हीच गफलत घडते. गोळ्यांची पट्टी कापून घेतली, तर नावाचा भाग पलीकडे राहून जातो. म्हणून नाव असलेला तुकडा मागून घ्यावा किंवा पट्टीचे छायाचित्र काढून ठेवावे.

औषधाच्या व्यापारात असलेल्या कुटुंबांवर तर दुहेरी जबाबदारी येते. गल्ल्यावर बसलेल्या मुलाने 'याला कशाचे वावडे आहे का?' एवढे विचारावे, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या नावाऐवजी दुसरे औषध परस्पर देऊ नये. १ मार्च २०१४ पासून अनेक प्रबळ प्रतिजैविके 'एच-१' अनुसूचीत आली असून, ती विकताना रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षे जतन करणे दुकानदारावर बंधनकारक आहे. पट्टीवरील उभी लाल रेषा हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये, याची खूण आहे. मागच्या आजारातील उरलेले प्रतिजैविक कपाटातून काढून धाकट्या भावंडाला पाजणे हे तर सर्वथा वर्ज्य मानावे. लहान मुलांच्या तापासाठी एकेकाळी प्रचलित असलेले निमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास २०११ पासून मनाई आहे. अशी एखादी जुनी बाटली घरात असल्यास ती आजच बाहेर काढावी.

वही कशी असावी

ज्या घरांत उधारी-जमेची नोंद दिवस मावळण्यापूर्वी होते, त्यांना वहीचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. तीच शिस्त मुलांच्या औषधांना लावायची आहे. प्रत्येक मुलासाठी चार पाने राखलेली एक साधी वही पुरे. त्यात तारीख, मुलाचे वजन, आजार, औषधाचे मूळ नाव आणि बाटलीवरील नाव, पहिला डोस केव्हा दिला आणि शेवटचा केव्हा, एवढे रकाने असावेत. घरी केलेले काढे आणि इतर पद्धतींची औषधेही त्याच पानावर लिहावीत, कारण वावडे त्यांचेही असू शकते आणि 'ते तर साधेच होते' म्हणून नेमके तेच सांगायचे राहते.

काही उठले, तर त्याखाली आणखी पाच गोष्टी लिहाव्यात: कितव्या डोसनंतर आणि किती तासांनी अथवा दिवसांनी उठले, शरीरावर कोठून सुरुवात झाली, ताप, श्वास, तोंड, डोळे यांची स्थिती काय होती, किती दिवसांत गेले, आणि डॉक्टरांनी काय निष्कर्ष काढला. उजेडात काढलेली दोन-तीन छायाचित्रे तारखेसह जपावीत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत गांधी विरून जातात, छायाचित्र मात्र राहते. डॉक्टरांनी वावडे नक्की केले, तर त्या औषधाचे मूळ नाव वहीच्या पहिल्या पानावर आणि मुलाच्या लसीकरणाच्या कार्डावर लाल शाईने लिहावे. शाळेला, आजोळी आणि वसतिगृहालाही ते कळवावे. पुढे तपासणीत वावडे नसल्याचे सिद्ध झाले, तर ती नोंद तितक्याच काळजीने खोडून तारीख घालावी.

एकत्र कुटुंबात औषध देणारे हात अनेक असतात. सकाळचा डोस आईने दिला, दुपारचा काकूने, आणि रात्री आजोबांनी आपल्या डबीतील गोळीचा तुकडा दिला, असे झाले तर कोणालाच पूर्ण हिशेब ठाऊक नसतो. देणाऱ्यानेच लिहावे, हा नियम त्यासाठी आवश्यक आहे.

एका घरची नोंद, सर्वांच्या उपयोगाची

थॅलिडोमाइड या औषधामुळे हजारो बालके व्यंग घेऊन जन्मली, हे १९६१ मध्ये उघडकीस आल्यावर औषधांच्या दुष्परिणामांची जागतिक नोंद ठेवण्याची निकड पटली आणि १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तसा कार्यक्रम सुरू केला. भारताचा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये आरंभला आणि २०११ पासून त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. देशभरातील अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रे आहेत.

अशी नोंद केवळ डॉक्टरच करू शकतात, हा समज खरा नाही. रुग्णाचे नातेवाईकही ती करू शकतात. त्यासाठी सामान्य नागरिकांकरिता वेगळा अर्ज आहे आणि तो मराठीतही उपलब्ध आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कामाच्या दिवशी दूरध्वनी करूनही माहिती देता येते. औषधामुळेच झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्यावर नसते. संशय पुरेसा असतो. रुग्णाची ओळख गुप्त ठेवली जाते. अर्जात जे विचारले जाते, त्यातील बहुतेक उत्तरे वर सांगितलेल्या वहीतच तयार असतात. मेफेनॅमिक ॲसिडचा इशारा अशाच विखुरलेल्या नोंदी एकत्र आल्यामुळे देता आला.

२०२१ पासून दरवर्षी १७ ते २३ सप्टेंबर हा राष्ट्रीय औषधदक्षता सप्ताह म्हणून पाळला जातो. १७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनही आहे. त्या दिवशी सकाळी ध्वजवंदन करून मुले शाळेतून लवकर घरी येतात. त्या दुपारी घरातील औषधांचे कपाट रिकामे करावे, मुदत संपलेल्या आणि नाव पुसलेल्या बाटल्या बाजूला काढाव्यात, आणि प्रत्येक मुलाच्या नावाचे पान उघडून ते अद्ययावत आहे की नाही, हे आईवडिलांनी आणि आजीआजोबांनी मिळून एकदा पाहावे.